लिनक्सवर सीडी बर्न होत नाही तेव्हा: दुसरी डिस्क घालण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

सीडीचा जमाना गेला म्हणतात, पण काम पडतंच. एमआरआय केल्यावर सेंटरमधून सीडी हातात ठेवतात आणि तिची एक प्रत घरी असावी असं वाटतं. गाडीतल्या जुन्या स्टिरिओला पेन ड्राइव्हची खाचच नसते. कॅसेटवरून उतरवून घेतलेलं कीर्तन आजोबांना त्यांच्या नेहमीच्या सीडी प्लेयरवरच ऐकायचं असतं. मग कपाटातला यूएसबी ड्राइव्ह बाहेर निघतो, उबुंटू किंवा डेबियनच्या मशीनला लागतो, आणि अर्ध्या वाटेत पडद्यावर 'बर्निंग फेल्ड' उमटतं.

अशा वेळी बहुतेक जण लगेच दुसरी कोरी डिस्क घालतात. तीही जाते. मग तिसरी, मग वेगळा प्रोग्रॅम, मग ड्राइव्हच खराब असल्याचा निष्कर्ष. माझं कळकळीचं सांगणं एवढंच की पहिली डिस्क का गेली हे कळल्याशिवाय दुसरी घालू नका. लिनक्समध्ये ते कळण्याची सोय आहे, कारण ड्राइव्हने केलेली तक्रार बर्निंग प्रोग्रॅमच्या किंवा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत सापडते. फक्त ती वाचायला हवी.

पुढे टर्मिनलचे काही आदेश येतील. ते उच्चारानुसार देवनागरीत लिहिले आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांतच करायचे. ड्राइव्हचा पत्ता वारंवार लागेल, तो '/डेव्ह/एसआर0'. यातलं 'डेव्ह' म्हणजे डी-ई-व्ही ही तीन अक्षरं आणि 'एसआर0' म्हणजे एस, आर आणि शून्य. दुसरा ड्राइव्ह जोडलेला असेल तर त्याचा पत्ता 'एसआर1'.

आधी दुखणं कोणतं ते ठरवा

'सीडी बर्न होत नाही' या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. पहिलं, बर्निंग सुरूच होत नाही: प्रोग्रॅमला ड्राइव्ह दिसत नाही किंवा तो 'कोरी डिस्क घाला' म्हणत राहतो. दुसरं, सुरू होतं पण मध्येच किंवा शेवटी तुटतं. तिसरं, सगळं सुरळीत पार पडतं पण डिस्क दुसरीकडे चालत नाही. पहिल्यात दोष बहुधा जोडणीचा, परवानगीचा किंवा प्रोग्रॅमचा असतो. दुसऱ्यात डिस्क, वेग किंवा वीजपुरवठा. तिसऱ्यात डिस्कवर काय आणि कोणत्या पद्धतीने लिहिलं, हे पाहावं लागतं. आपलं दुखणं यातलं कोणतं, ते ठरवूनच पुढे वाचा.

ड्राइव्ह दिसतो का?

टर्मिनल उघडून 'एलएसबीएलके' टाइप करा. यादीत 'एसआर0' असायला हवं आणि त्याच्या प्रकारापुढे 'रॉम' लिहिलेलं हवं. 'रॉम' शब्दाने बिचकू नका, लिहिणाऱ्या ड्राइव्हलाही तिथे रॉमच म्हणतात. ओळच नसेल तर बर्निंगच्या प्रोग्रॅमशी झटापट करण्यात अर्थ नाही. डेस्कटॉप असेल तर आतली साटा केबल आणि बायोसमधली नोंद तपासा. यूएसबी ड्राइव्ह असेल तर हब काढून टाका आणि थेट मशीनच्या पोर्टात लावा, डेस्कटॉपला शक्यतो मागच्या बाजूच्या.

यूएसबी ड्राइव्हच्या बाबतीत विजेचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. यूएसबी 2.0 पोर्टाने 500 मिलिअँपिअर द्यावेत असा नियम आहे, यूएसबी 3.0 ने 900. डिस्क वाचताना ड्राइव्हला कमी वीज पुरते, लिहिताना लेझरची शक्ती वाढते आणि मागणीही वाढते. म्हणून 'वाचतो छान, लिहिताना मात्र बंद पडतो' अशी लक्षणं दिसली की पहिला संशय पोर्टावर घ्या. बऱ्याच ड्राइव्हबरोबर दोन टोकांची केबल येते ती याचसाठी. दोन्ही टोकं जोडा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स चालवत असाल तर आणखी एक अडचण असते. व्हर्च्युअलबॉक्स आतल्या लिनक्सला ड्राइव्ह दाखवतो, पण लिहिण्याचे आदेश ड्राइव्हपर्यंत जाऊ देत नाही. त्यासाठी सेटिंगमध्ये 'पासथ्रू' सुरू करावं लागतं. त्यापेक्षा बाहेरच्या मूळ यंत्रणेतून बर्न करणं सोपं.

कोरी डिस्क 'उघडत' नाही, हे बरोबरच आहे

नवख्यांची गल्लत होते ती इथे. कोरी सीडी घालून तिच्यावर क्लिक केलं की लिनक्स 'माउंट करता येत नाही', म्हणजे फाइल्स वाचण्यासाठी डिस्क जोडता येत नाही, असं म्हणतो, आणि ड्राइव्ह बिघडला असं वाटतं. कोऱ्या सीडीवर फाइल सिस्टीमच नसते, तर माउंट काय होणार! बर्निंगसाठी डिस्क माउंट व्हावी लागत नाही. उलट, आधी काही लिहिलेली सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी) आपोआप माउंट होऊन बसली असेल तर तीच आड येते.

अशा वेळी 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा संदेश मिळतो. कोणी अडवून धरलंय ते 'फ्यूजर -व्ही /डेव्ह/एसआर0' या आदेशाने कळतं (फ्यूजर म्हणजे एफ-यू-एस-ई-आर). फाइल मॅनेजरची उघडी खिडकी, मागे चालू राहिलेला व्हिडिओ प्लेयर, किंवा आधीच्या अपयशी प्रयत्नातली अजून न मेलेली प्रक्रिया, यांपैकी कोणीतरी सापडतं. ते बंद करा आणि 'यूमाउंट /डेव्ह/एसआर0' द्या. इथे 'अनमाउंट' नाही, 'यू' नंतर थेट 'माउंट'.

परवानगी

आजच्या डेबियन आणि उबुंटूमध्ये मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला ड्राइव्हवर लिहिण्याची परवानगी आपोआप मिळते. तरीही 'परमिशन डिनाइड' येत असेल तर तुम्ही बहुधा एसएसएचने दुरून काम करताय, किंवा दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवताय. ही आपोआप मिळणारी परवानगी समोर बसणाऱ्यापुरतीच असते. दुरून काम करायचं तर स्वतःला 'सीडीरॉम' गटात घाला: 'सुडो अॅडयूजर तुमचं-नाव सीडीरॉम'. त्यानंतर पूर्ण लॉगआउट करून पुन्हा आत या. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून उघडल्याने गट लागू होत नाही.

दुसरा अडसर नवा आहे. प्रोग्रॅम स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या स्वयंपूर्ण पॅकेजांच्या पद्धतीतून घेतला असेल तर तो बंदिस्त कक्षात चालतो आणि ड्राइव्हपर्यंत त्याचा हात पोचेलच असं नाही. बर्निंगचे प्रोग्रॅम 'एपीटी'मधूनच, म्हणजे डेबियन-उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातूनच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या लेखांतले दोन सल्ले मात्र मनावर घेऊ नका. एक, कर्नलला 'आयडीई-स्कझी' सांगण्याचा. तो 2.4 कर्नलच्या काळातला. डिसेंबर 2003 मध्ये 2.6 कर्नल आला तेव्हाच त्याची गरज संपली. दुसरा, बर्निंगच्या प्रोग्रॅमला कायमचे रूट (सर्वोच्च) अधिकार देण्याचा. 2004 मध्ये 2.6.8 कर्नलने साध्या वापरकर्त्याकडून येणारे ड्राइव्हचे आदेश गाळायला सुरुवात केली, त्या गोंधळात हा उपाय पसरला. आज तो करणं म्हणजे विनाकारण सुरक्षेला भगदाड पाडणं आहे.

प्रोग्रॅम बदलला, पण आतलं इंजिन बदललं का?

एका प्रोग्रॅममधून जमलं नाही की लोक दुसरा लावतात. विचार चांगला आहे, पण बटणं आणि खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा आणि प्रत्यक्ष ड्राइव्हशी बोलणारा वेगळा, हे लक्षात घेतलं तरच त्यातून काही शिकायला मिळतं. केडीई, एक्सएफसीई आणि ग्नोम हे लिनक्सचे वेगवेगळे डेस्कटॉप. केडीईचा केथ्रीबी सीडी लिहिताना 'सीडीरेकॉर्ड' किंवा 'वोडिम'ला कामाला लावतो. एक्सएफसीईचा एक्सएफबर्न 'लिबबर्न' वापरतो. ग्नोमच्या ब्रासेरोला दोन्ही प्रकारची इंजिनं चालतात, प्लगइनच्या यादीत पाहून ठरवावं लागतं.

सीडीरेकॉर्ड आणि वोडिम या दोन नावांमागे इतिहास आहे. योर्ग शिलिंग यांचा सीडीरेकॉर्ड हा या क्षेत्रातला मूळ पुरुष. 2006 मध्ये परवान्यावरून वाद झाला तेव्हा डेबियनने त्याची वेगळी शाखा काढली, तिचं नाव सीडीआरकिट आणि तिच्यातला लिहिणारा प्रोग्रॅम म्हणजे वोडिम (डब्ल्यू-ओ-डी-आय-एम). वोडिमवर गेली अनेक वर्षं नवं काम जवळपास झालेलं नाही. सीडीसाठी तो अजून चालतो, डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी मी तो सुचवणार नाही. लिबबर्नवर आधारलेले 'सीडीआरस्किन' आणि 'झोरिसो' हे दोन प्रोग्रॅम मात्र सांभाळले गेलेत, आणि सीडीआरस्किन तर सीडीरेकॉर्डचेच बहुतेक पर्याय समजतो.

तेव्हा केथ्रीबीत अपयश आलं तर एक्सएफबर्नमध्ये करून पाहा. तिथे जमलं, तर दोष वोडिमच्या बाजूला. तिथेही त्याच टप्प्यावर तुटलं, तर प्रोग्रॅमचा नाद सोडा आणि डिस्क, ड्राइव्ह, वीज यांच्याकडे वळा.

वोडिम सुरुवातीलाच 'कॅनॉट रेझ आरलिमिट मेमलॉक' असा इशारा देतो, आणि तोच दोष समजून लोक तासन् तास शोधत बसतात. त्याचा अर्थ एवढाच की त्याला थोडी मेमरी कायमची अडवून ठेवता आली नाही. बर्निंग त्यामुळे थांबत नाही. खरी चूक त्या ओळीच्या बरीच खाली असते.

डिस्क काय सांगते

प्रत्येक कोऱ्या सीडी-आरवर (एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीवर) कारखान्यातच काही माहिती कोरलेली असते, तिला एटिप (ए-टी-आय-पी) म्हणतात. ती वाचायला 'वोडिम -व्ही डेव्ह=/डेव्ह/एसआर0 -एटिप' असा आदेश द्या. वोडिमच्या जागी सीडीआरस्किन लिहिलंत तरी चालेल. उत्तरात उत्पादकाचं नाव येतं, डिस्क एकदाच लिहायची की पुन्हा पुन्हा ते येतं, आणि 'स्टार्ट ऑफ लीड आउट' या ओळीत बहुधा 359849 हा आकडा दिसतो. 80 मिनिटांच्या डिस्कवर एवढे सेक्टर, म्हणजे माहितीचे छोटे कप्पे, मावतात. डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरमध्ये 2048 बाइट, म्हणजे एकूण 73 कोटी 69 लाख बाइटच्या आसपास.

हा आकडा ध्यानात ठेवा, कारण 'मावत नाही'च्या भानगडी त्यानेच सुटतात. वेष्टनावर 700 एमबी लिहिलेलं असतं, तर ग्नोमचा फाइल मॅनेजर दशमान पद्धतीने मोजतो. त्याने 725 एमबी दाखवलेली फाइल त्या '700'च्या डिस्कवर व्यवस्थित बसते. खात्री हवी असेल तर फाइलचे बाइट पाहून 2048 ने भागा. उबुंटूची आयएसओ (अख्ख्या डिस्कची प्रतिमा असलेली एकच फाइल) मात्र 2012 च्या 12.10 आवृत्तीपासून सीडीत मावेनाशी झाली, तिच्यासाठी डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्हच हवा.

एटिप वाचताच आलं नाही तर ड्राइव्हला डिस्क ओळखता येत नाहीये. डिस्क मऊ सुती कापडाने पुसा, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल नाही. दुसऱ्या कंपनीची डिस्क घालून पाहा. ती ओळखली गेली तर ड्राइव्ह बरा आहे. एकही ओळखली जात नसेल आणि बाजारातल्या छापील सीडी मात्र वाचल्या जात असतील, तर भिंगावर धूळ आहे किंवा लेझर थकलाय.

सीडी-आरडब्ल्यूचं वेगळं गणित आहे. 'अल्ट्रा स्पीड' लिहिलेली डिस्क जुन्या 4एक्स किंवा 10एक्स वेगाच्या ड्राइव्हला लिहिता येत नाही, कितीही हळू सांगितलं तरी. आणि आधी लिहिलेली डिस्क पुन्हा वापरायची तर ती पुसावी लागते: 'वोडिम -व्ही डेव्ह=/डेव्ह/एसआर0 ब्लँक=फास्ट'. हा आदेश फक्त अनुक्रमणिका पुसतो आणि लवकर आटोपतो. डिस्क विचित्र वागत असेल, अर्धवट बर्न होऊन अडकली असेल, तर 'ब्लँक=ऑल' द्या. वेळ लागेल, पण पुष्कळदा त्यानेच ती मार्गी लागते.

मध्येच तुटलं: कर्नलची नोंद वाचा

बर्निंग फसलं की लगेच, मशीन बंद न करता, 'सुडो डीमेसग' (डीमेसग म्हणजे डी-एम-ई-एस-जी) द्या आणि शेवटच्या वीस-पंचवीस ओळी पाहा, शिवाय बर्निंग प्रोग्रॅमने स्वतः दाखवलेला तपशीलही पाहा. तिथे 'एसआर0' आणि 'सेन्स की' हे शब्द शोधा. सेन्स की म्हणजे ड्राइव्हने स्वतः सांगितलेलं कारण.

'नॉट रेडी' म्हणजे ड्राइव्ह अजून डिस्क फिरवून तयार झालेला नाही, किंवा डिस्क नीट बसलेली नाही. 'इलीगल रिक्वेस्ट' म्हणजे प्रोग्रॅमने असं काही मागितलं जे या ड्राइव्हला किंवा या डिस्कवर शक्य नाही. बंद केलेल्या (आता आणखी काही लिहिता न येणाऱ्या) डिस्कवर पुन्हा लिहायला सांगणं हे त्याचं नेहमीचं कारण. 'हार्डवेअर एरर'चा अर्थ सांगायला नको. आणि या ओळींऐवजी तिथे 'यूएसबी डिसकनेक्ट' दिसलं, तर डिस्कचा काही दोष नाही, लिहितानाच जोडणी तुटली. परत वीज आणि केबलकडे या.

सगळ्यात जास्त भेटतो तो 'मीडियम एरर'. त्याचा अर्थ, ड्राइव्हला त्या डिस्कवर हवं तसं लिहिता किंवा वाचता आलं नाही. त्याच्या जोडीला 'पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर' असेल तर नीट पाहा. लिहायला सुरुवात करण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या जागेत लेझर कमी-जास्त करून चाचणी घेतो आणि या डिस्कला किती शक्ती हवी ते ठरवतो. ती चाचणीच फसली, तर एक तर डिस्कचा रंगथर (ज्यावर लेझर लिहितो तो थर) हलक्या प्रतीचा आहे किंवा लेझर क्षीण झालाय. वेग कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर डिस्कची कंपनी बदला. दोन चांगल्या कंपन्यांच्या डिस्कवर हीच चूक आली, तर ड्राइव्ह बदलण्याची वेळ आली आहे.

वेगाबद्दल एक गैरसमज खोल रुजलेला आहे: जितकं हळू तितकं चांगलं. 52एक्ससाठी बनवलेल्या डिस्कवर 4एक्सने लिहिलं तर लेझर प्रत्येक बिंदूवर गरजेपेक्षा जास्त रेंगाळतो, आणि तो रंगथर तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. मी 16एक्स किंवा 24एक्स ठेवायला सांगेन. ड्राइव्हला तो वेग जमत नसेल तर तो स्वतःच जवळचा वेग निवडतो.

1एक्स म्हणजे सेकंदाला 150 केबी, त्या हिशेबाने 16एक्सला सेकंदाला 2400 केबी सतत पुरवायचे असतात. आजच्या हार्ड डिस्कला हे सोपं आहे. पण फाइल नेटवर्कवर किंवा त्याच यूएसबी हबवरच्या पेन ड्राइव्हवर असेल तर पुरवठा खंडित होऊ शकतो. बहुतेक ड्राइव्हमध्ये 'बर्नफ्री' नावाची सोय असते, पुरवठा तुटला तर लेझर थांबतो आणि नंतर त्याच ठिकाणाहून पुढे लिहितो. ती सुरू ठेवा, आणि तरीही फाइल आधी स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या.

डिस्क खर्च न करता रंगीत तालीम करायची असेल तर '-डमी' पर्याय आहे. लेझर न पेटवता सगळी प्रक्रिया चालते. पुरवठा, जोडणी, आदेश, सगळं तपासलं जातं, फक्त रंगथराची परीक्षा होत नाही.

आयएसओ लिहिली, पण मशीन तिच्यावरून सुरू होत नाही

डिस्क उघडून पाहा. आत एकच फाइल असेल आणि तिच्या नावाच्या शेवटी 'आयएसओ' असेल, तर आयएसओ ही साधी फाइल म्हणून कॉपी झाली आहे. 'डेटा प्रोजेक्ट' नव्हे, 'इमेज बर्न करा' हा पर्याय निवडायचा. टर्मिनलवरून: 'सीडीआरस्किन -व्ही डेव्ह=/डेव्ह/एसआर0 स्पीड=16 -एसएओ पॅडसाइझ=300के', आणि शेवटी फाइलचं नाव.

यातला '-एसएओ' (सेशन-अॅट-वन्स, म्हणजे सगळं सलग लिहिणं) महत्त्वाचा, आणि 'पॅडसाइझ' म्हणजे शेवटी भरायची रिकामी जागा, पॅडिंग. तो नसेल तर ट्रॅक-अॅट-वन्स पद्धतीने लिहिलं जाऊ शकतं, आणि त्यात ट्रॅकच्या शेवटी दोन सेक्टर असे राहतात जे डेटा म्हणून वाचताच येत नाहीत. कर्नल पुढचं आधीच वाचून ठेवायला जातो, त्या दोन सेक्टरांवर अडखळतो आणि 'इनपुट आउटपुट एरर' देतो. डिस्क चांगली असूनही ती खराब वाटते. सलग पद्धत आणि शेवटचं पॅडिंग, या दोन्हींनी ते टळतं.

पडताळणी अशी करा. आधी डिस्क बाहेर काढून पुन्हा आत घाला, नाहीतर मेमरीत राहिलेलंच वाचलं जाण्याची शक्यता असते. मग आयएसओचे नेमके बाइट पाहा, समजा 681574400. आता 'हेड -सी 681574400 /डेव्ह/एसआर0', मध्ये उभी रेघ, आणि पुढे 'एसएचए256सम'. आलेला आकडा मूळ फाइलच्या आकड्याशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा. अख्खी डिस्क वाचून तुलना केली तर शेवटच्या पॅडिंगमुळे आकडा कधीच जुळणार नाही, म्हणून बाइट मोजूनच वाचायचे.

गाण्यांची सीडी आणि मराठी नावं

जुन्या प्लेयरला एमपी3 कळत नाही. त्याला ऑडिओ सीडीच लागते, म्हणून प्रोग्रॅममध्ये 'ऑडिओ प्रोजेक्ट' निवडा. इथे फाइलचे एमबी मोजायचे नसतात, मिनिटं मोजायची. 80 मिनिटं आणि 99 ट्रॅक ही मर्यादा. एमपी3 फाइल यादीत घेतलीच जात नसेल तर कोडेक, म्हणजे ती उलगडून वाचणारा भाग, बसवलेला नाही. केथ्रीबीसाठी 'एक्स्ट्राकोडेक्स' नावाचं पॅकेज आणि ब्रासेरोसाठी जीस्ट्रीमरची प्लगइन लागतात. कीर्तन किंवा मैफल सलग असेल आणि ट्रॅक बदलताना दोन सेकंदांची शांतता नको असेल, तर 'डिस्क-अॅट-वन्स' निवडा आणि मधली फट शून्य करा.

सीडी-टेक्स्टमध्ये, म्हणजे प्लेयरच्या पडद्यावर दिसणाऱ्या नावांच्या सोयीत, ट्रॅकची नावं देवनागरीत लिहू नका. त्या रचनेत देवनागरीला जागाच नाही, प्लेयरवर भलतीच चिन्हं येतील. रोमनमध्ये लिहा. डेटा सीडीवर मात्र देवनागरी नावं चालतात, फाइलींची नावं साठवण्याची जोलिएट पद्धत सुरू असेल तर. पण तिथे नावाला 64 चिन्हांची मर्यादा आहे आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार ही प्रत्येक वेगळी मोजली जातात. 'श्री' दिसायला एक अक्षर, पण मोजताना चार. म्हणून लांबलचक अभंगांच्या पहिल्या ओळी फाइलचं नाव म्हणून ठेवल्या की शेपूट कापलं जातं आणि दोन फाइलींची नावं एकसारखी होऊन बर्निंग अडतं. नावाच्या सुरुवातीला 01, 02 असे आकडे घाला आणि नाव आखूड ठेवा.

आपल्याकडे चालते, दुसरीकडे नाही

सीडी-आरडब्ल्यू असेल तर हे बऱ्याचदा होतं, कारण ती सीडी-आरच्या मानाने फारच कमी प्रकाश परत पाठवते आणि जुन्या प्लेयरना तेवढ्यावर वाचता येत नाही. प्लेयरसाठी नेहमी सीडी-आर वापरा.

सीडी-आर असूनही चालत नसेल तर ती बंद झाली आहे का ते पाहा. 'नंतर आणखी फाइल्स घालता याव्यात' हा पर्याय खुणावलेला राहिला असेल, किंवा बर्निंग शेवटच्या टप्प्यावर तुटलं असेल, तर डिस्क उघडी राहते. कॉम्प्युटर ती वाचतो, प्लेयर वाचत नाही. 'वोडिम -व्ही डेव्ह=/डेव्ह/एसआर0 -फिक्स' देऊन पाहा. डेटा पूर्ण लिहिला गेला असेल आणि फक्त समारोप राहिला असेल, तर हा आदेश तो पूर्ण करतो आणि वाया गेलेली वाटणारी डिस्क वाचते.